राखणदाराची जागा

मी आयुष्यात एकदाच सरकारी अधिकाऱ्यासमोर साक्ष दिली आणि ती खोटी दिली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. स्कूल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. वडिलांच्या शब्दापुढे जायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते पुरतं खरं नाही.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं, बंदराचं, लहानशी नगरपालिका असलेलं. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण माझी माणसं अजून तिथे राहतात. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमचा तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्या वर्षी आषाढातल्या उधाणाने किनाऱ्यावरची झोपड्यांची रांगच्या रांग नेली. माणसं वाचली. भांडी, जाळी, कोंबड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर जिथे झोपड्या होत्या तिथे जमीनच नव्हती, पाणी होतं. ती जमीन त्या लोकांच्या मालकीची कधी नव्हतीच, त्यामुळे ती गेल्याची दाद कुणाकडे मागायची हाही प्रश्न होता.

नगरपालिकेने त्यांना बंदरावरच्या मालाच्या शेडीत ठेवलं. पावसाळ्यात आगबोट बंद असे, म्हणून शेड रिकामी होती. नारळी पौर्णिमा झाली, बोट सुरू व्हायची वेळ आली, तशी शेड खाली करायला सांगितली. मग ती कुटुंबं कुठे धर्मशाळेच्या पडवीत, कुठे मासळीबाजाराच्या ओट्यांवर राहू लागली. सकाळी मासे विकणाऱ्या बायका येण्याआधी त्यांना अंथरुणं गुंडाळावी लागत.

त्यांच्यात एक विधवा होती. आश्विन-कार्तिकात गवत कापून भारे विकायची, म्हणून गाव तिला भारेवाली म्हणे. पावसाळ्याआधी ती लोकांच्या घरांसाठी माडाच्या झावळ्यांची चुडतं विणून द्यायची. तिची एकुलती मुलगी माझ्या वर्गात होती. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, पाढे घडाघडा म्हणणारी. मासळीबाजारात राहायला गेल्यापासून मुली तिच्या शेजारी बसायला नाक मुरडत. मी तिला पहिल्या रांगेत, माझ्या टेबलाजवळ बसवलं होतं. त्याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

आमच्या घरापासून मैलभरावर, गावाच्या कडेला, आमची एक भरड होती. भरड म्हणजे कातळावरची उंचवट्याची जमीन. वर वीतभर माती, पावसात गवत, चार काजूची झाडं, बाकी काही नाही. माझे वडील कोर्टात नाझर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. माझ्या आठवणीत ते भरडीवर दोनदा-तीनदाच गेले असतील. गवत मात्र दरवर्षी भारेवाली कापायची. तिला वडिलांनी तशी मोकळीक दिली होती. त्या जमिनीचा प्रत्येक दगड आमच्यापेक्षा तिच्या पायांना जास्त ओळखीचा होता.

नगरपालिकेने ठराव केला की या बेघर कुटुंबांसाठी घरं बांधायची आणि त्यासाठी आमची भरड संपादन करायची. जागा तशी नेमकी होती. उंच, कोरडी, जवळ सार्वजनिक विहीर, शाळा हाकेच्या अंतरावर. नोटीस घेऊन शिपाई आला तेव्हा वडील ओटीवर पान लावत होते. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि आत येऊन आईला म्हणाले, "आमच्या जमनीत आता ह्या लोकांची घरां बांधूची आसत म्हणे."

आई म्हणाली, "बांधूदेत. तिथे काय आसा? गवत."

"गवत आसा म्हणान काय झाला? उद्या गाव म्हणात, नाझराची जमीन सरकारान घेतल्यान आणि नाझर गप बसलो."

वडील आयुष्यभर कोर्टात वावरलेले. कुठली हरकत टिकते आणि कुठली उडते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जमीन आमच्या उपयोगाची आहे म्हटलं तर ते दिसत नव्हतं. मोबदल्याची तक्रार केली तर जमीन जायचीच. दोन दिवस विचार करून त्यांनी मला बोलावलं. भरडीच्या मधोमध दगडांचा एक ढीग होता. पूर्वी कधीतरी दोन भावांच्या हिश्शांची हद्द तिथून जायची, तेव्हाचा. वडील म्हणाले, ती आमच्या घराण्याच्या राखणदाराची जागा आहे, तिथे पिढ्यानपिढ्या नारळ ठेवला जातो, असं अर्जात लिहायचं. आमच्याकडे जमिनीचा, वाडीचा राखणदार मानतात. त्याच्या जागेवर कुणी कुदळ मारत नाही. अधिकारी परगावचा असला तरी गावचे लोक बिथरतील म्हणून तो बेताने घेईल, हा त्यांचा हिशोब.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वडिलांसमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "दगडाक देव म्हणा, माझा काय नाय. पण लोकांच्या घराआड देव घालू नकात."

"तुका कायद्यातला काय कळता?" वडील म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिची अपेक्षा होती की शिकलेली मुलगी आता काहीतरी बोलेल. मी दौत-टाक आणायला उठले.

खरं सांगायचं तर तो अर्ज लिहिताना मला आनंद झाला. घरात आम्ही मालवणीत बोलत असू, पण अर्ज शुद्ध मराठीत हवा होता आणि कोर्टातल्या नोंदींपलीकडची तशी मराठी घरात फक्त मला येत होती. "आमच्या कुलपरंपरेने अत्यंत श्रद्धेने जतन केलेले पवित्र स्थान" असं मी लिहिलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वकिलाकसुद्धा असा जमाचा नाय गो." वडिलांनी माझं असं कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी आणखी दोन पानं लिहिली असती.

हरकतीची चौकशी करायला प्रांतसाहेब स्वतः जागा पाहायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी वडील आणि मी भरडीवर गेलो. त्यांनी ढिगावरचं गवत उपटलं, वरचा एक उभट दगड धुतला, त्याला शेंदूर लावला. मी घरून जास्वंदीची फुलं नेली होती. ती मी वाहिली. वडिलांनी नारळ ठेवला आणि सवयीने हात जोडले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. त्यांनी हात पटकन खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलंच तापलं होतं. प्रांतसाहेब देशावरचे, उंच, शांत बोलणारे गृहस्थ होते. बरोबर नगराध्यक्ष, सर्कल, तलाठी. आणि थोड्या अंतरावर ती कुटुंबं उभी होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपली घरं कुठे होणार ते बघायला आली होती. एक म्हातारा पावलांनी जमीन मोजत होता. भारेवाली मुलीला घेऊन आली होती. मला पाहून मुलीने लांबून हात हलवला.

साहेबांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. शेंदराकडे वाकून पाहिलं. तो किती नवा आहे हे त्यांना दिसलं असणारच. त्यांनी वडिलांना चार-दोन प्रश्न विचारले, वडिलांनी सराईतपणे उत्तरं दिली. मग ते माझ्याकडे वळले.

"अर्ज तुमच्या अक्षरात आहे असं हे म्हणतात. आपण शिक्षिका ना?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. इथे पूजा होताना तुम्ही स्वतः पाहिली आहे?"

ते आवाज न चढवता, जवळजवळ आर्जवाने विचारत होते. मी 'नाही' म्हटलं असतं तर फार काही घडलं नसतं. वडील आठवडाभर बोलले नसते. तेवढंच.

"लहानपणापासून पाहते आहे," मी म्हणाले. आणि त्यांनी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाले, "मार्गशीर्षात आम्ही सगळे येतो."

साहेबांनी मान हलवली आणि इकडेतिकडे पाहिलं. "या जमिनीवर नेहमी येणारं कुणी आहे का?" तलाठ्याने भारेवालीला पुढे बोलावलं. ती पदर सावरत आली.

"तू इथे गवत कापतेस?"

"होय सायबा. धा-बारा वर्सा झाली."

"इथे देवाची जागा आहे हे तुला माहीत आहे?"

ती ढिगाकडे बघत राहिली. त्या दगडांना टेकून ती दुपारची पेज प्यायची, विळा त्यांवर घासायची. मी स्वतः तिला तसं पाहिलं होतं. तिने शेंदूर पाहिला, फुलं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते.

"माका कधी दिसलो नाय," ती म्हणाली. "पण बाई सांगतत तर आसतलो. बाईंका खोटा सांगून काय गावतला?"

असं म्हणून ती दोन पावलं मागे सरली, दगडांना हात जोडले आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या. इतकी वर्षं नकळत त्या जागेवर बसल्याची माफी मागत होती ती. प्रांतसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. म्हाताऱ्याची मोजणी तिकडे चालूच होती.

महिन्या-दीड महिन्याने भरड संपादनातून वगळल्याचं पत्र आलं. नगरपालिकेने मग स्वतःच्या मालकीची खाडीकाठची जागा घेतली. ते खाजण होतं, खारट, सखल, मोठ्या भरतीला पाणी आत येणारं. त्यावर भर घालून एका रांगेत मातीच्या भिंतींच्या, कौलारू खोल्या उभ्या केल्या. विहीर खणली, तिचं पाणी मचूळ लागलं. गोडं पाणी मैलावर, शाळा दोन मैलांवर. चौथीचा वर्गही त्या वर्षी माझ्याकडेच आला होता. भारेवालीची मुलगी त्यात काही दिवस आली. उशिरा यायची, पाय चिखलाने भरलेले असायचे. मग येईनाशी झाली. मी चौकशी केली तेव्हा कळलं की आई कामाला जाते आणि मुलगी पाणी भरते. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी काही दिवस गैरहजेरी मांडली, मग नाव कमी केलं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी भारेवाली आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर इरलं होतं तरी भिजली होती. ओटीवर चढली नाही.

"बाई, चेडवाक ताप येता. थंडी वाजता, मगे ताप. पंधरा दिस झाले."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखयला. कडू गोळयो दिल्यानी. पण माझ्या मनात एक आसा." ती थांबली. "मी त्या जाग्यार बसतंय, विळो घासतंय. तुमचो राखणदार माझ्यार रागावलो आसतलो. तेका काय चलता ता सांगा. कोंबो की नारळ?"

ही दुसरी संधी होती. पहिल्या वेळी भोवती माणसं होती, वडील होते. इथे अंगणात आम्ही दोघीच होतो. "राखणदार नाही गो तिथे, मुलीला गोळ्या नीट दे," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "नारळ चालतो."

मी आत गेले, घरातला एक नारळ आणला आणि तिला दिला. तिने माझ्या पायांना हात लावला. आई आतून बघत होती. त्या दिवशी तिने माझं पान वाढलं नाही. माझं मी वाढून घेतलं.

मुलगी बरी झाली. कडू गोळ्यांनीच झाली. पण भारेवाली दर मार्गशीर्षात भरडीवर नारळ घेऊन जाऊ लागली. मार्गशीर्ष हा माझाच शब्द होता. मग तिच्याबरोबर खाजणातली इतरही माणसं जाऊ लागली. खाडीवरून गाव ओलांडून, उन्हातून, लहान मुलांना कडेवर घेऊन. वडील आधी अस्वस्थ झाले. पुढे एकदा ओटीवर बसून म्हणाले, "बग, आता कोण म्हणात खोटा म्हणान?" आणि हसले. त्या हसण्यात मी सामील झाले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरची गोष्ट. गावाबाहेरचा रस्ता रुंद झाला, भरडीला एकाएकी भाव आला. कणकवलीकडचा एक व्यापारी तिथे गोदाम बांधायला जागा शोधत होता. तो वडिलांकडे आला तेव्हा मी चहा घेऊन बाहेर गेले होते. त्याने विचारलं, "थय कसली देवाची जागा आसा म्हणतत?"

"छे," वडील म्हणाले. "हद्दीचे दगड. लोक काय पण बोलतत."

मी चहाची कपबशी त्याच्यासमोर ठेवली आणि आत आले.

मार्गशीर्षात भारेवाली भरडीवर गेली तेव्हा तिथे पाया खणलेला होता. ढिगातले दगड पायाच्या बांधकामात गेले होते. ती तिथून तडक आमच्या घरी आली, धापा टाकत. तोवर तिचे केस बरेच पिकले होते. वडील झोपले होते. मी दारात गेले.

"बाई, जागो मोडल्यानी! तुमका कोणी सांगूक नाय?" तिचे डोळे भ्यालेले होते. "नाझरांका सांगा. काय तरी शांत करा. तुमच्या घरार काय येवक नको. म्हणान धावत इलंय."

तिला भीती आमच्यासाठी वाटत होती. ते ऐकलं आणि माझ्याच्याने पुढे रेटवेना. मी पायरीवर खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. ढीग हद्दीचा होता. शेंदूर आम्ही आदल्या दिवशी लावला. मार्गशीर्षही मीच जोडला.

मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. मी त्याची वाटच बघत होते. तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"मगे ती जमीन आमका गावतली होती?"

"होय."

"म्हणजे चेडू शाळेत गेला आसता."

हा प्रश्न नव्हता. तिने हातातल्या नारळाकडे पाहिलं. "हो नारळ मी घराक नेतंय," ती म्हणाली. "कालवणाक होतलो." आणि अंगणातून सरळ चालू लागली. मला 'बाई' म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

आता गावात बोभाटा होईल म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस भीत होते. काही झालं नाही. तिने कुणाला सांगितलं की नाही, मला कळलं नाही. सांगितलं असलं तरी खाजणातल्या माणसांच्या बोलण्याला गावात कोण किंमत देणार होतं? मी खरं काय ते सांगणारा एक अर्ज लिहिला, या वेळी एकाच पानाचा, साध्या मराठीत, आणि नगरपालिकेत घेऊन गेले. मुख्याधिकाऱ्यांनी तो वाचला, मला बसायला खुर्ची दिली. "बाई, आता जमीनही विकली गेली, प्रकरणही बंद झालं," ते म्हणाले. "आता हे कशाला? वडिलांच्या वयाचा तरी विचार करा." त्यांनी अर्ज माझ्याकडे परत दिला. मी तो घेतला. बाहेर पडताना मला हलकं वाटलं, आणि ते अर्ज दिल्यामुळे नव्हतं. तो त्यांनी ठेवून घेतला नाही म्हणून होतं.

त्या उन्हाळ्यापासून मी शाळा सुटल्यावर खाजणात जाऊन मुलींना शिकवायला लागले. एका खोलीच्या पडवीत आठ-दहा मुली बसत. भारेवालीची मुलगी तोवर मोठी झाली होती, लग्नाची झाली होती. तिला यायचं होतं असं मला दुसऱ्या मुलीने सांगितलं. आईने पाठवलं नाही. भारेवाली समोरच्या दारात चुडतं विणत बसायची, माझ्याकडे पाठ करून. मी फळ्यावर लिहीत असताना मला तिच्या हातांचा आवाज ऐकू यायचा. एकदा धीर करून मी म्हटलं, "तिला पाठव ना." ती मान न वळवता म्हणाली, "तेका काम आसा." त्याच वर्षी मुलीचं लग्न होऊन ती देवबागला गेली.

वर्ग एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालला. तोवर शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या होत्या. मार्गशीर्ष लागायच्या आधी माझ्या बदलीचा हुकूम आला, कसालला. मुलींनी विचारलं, "बाई, तुमी सायबाक सांगून बदली थांबवा ना." शाळेतल्या इतर बायकांनी अर्ज करून आपापल्या बदल्या थांबवल्या होत्या. मला अर्ज लिहिता येत होता, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मी नाही लिहिला. सामान बांधलं, खडू आणि फळा त्या पडवीत ठेवला आणि सकाळच्या एसटीने कसालला गेले. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या रात्री मला गाढ झोप लागली.